दारासमोरच्या वीस फुटांसाठी मागणीपत्र

प्रति,
महापौर आणि शहर परिषदेचे सर्व सदस्य, जर्सी सिटी
प्रत : हडसन काउंटीचे आयुक्त मंडळ, आमच्या भागाचे न्यू जर्सी विधिमंडळातील प्रतिनिधी

विषय : जर्नल स्क्वेअर आणि इंडिया स्क्वेअरमागच्या गल्ल्यांतील दोन-तीन कुटुंबांची घरे आणि त्यांचा परिसर

महोदय, महोदया,

या पत्राची इंग्रजी प्रत सह्यांसह आपल्याकडे दाखल होईल. ही मराठी प्रत सही करणाऱ्यांसाठी आहे. आमच्याकडे दिवसभर घरी असतात ते आजी-आजोबा. बेसमेंटमध्ये पाणी शिरले की आधी कळते ते त्यांना, आणि इंग्रजी कागद पुढे करून ‘इथे सही करा’ एवढेच सांगितले जाते तेही त्यांनाच. आपण कशाखाली सही करतो आहोत हे त्यांनी वाचावे, पटले नाही तर करू नये.

आमच्या संघटनेत घरमालक आहेत तसे भाडेकरूही आहेत. ही सरमिसळ मुद्दाम केलेली नाही, इथली घरेच तशी आहेत. साधारण पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल जमिनीचा पट्टा, त्यावर शंभरेक वर्षांपूर्वीचे लाकडी सांगाड्याचे घर, बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे आवरण. दाराशी दोन घंटा, भिंतीवर दोन गॅस मीटर, सिमेंटच्या पायऱ्यांखाली कचऱ्याचे डबे. शेजारच्या घराची भिंत हातभर अंतरावर. खाली मालक राहतो, वर भाडेकरू; कधी उलट. वरच्या मजल्याचे भाडे खालच्याच्या कर्जाच्या हप्त्यात जाते. त्यामुळे कर वाढला की तो एका मजल्यावर थांबत नाही. पुढच्या करारात तो जिना चढून वर जातो.

जर्नल स्क्वेअरचे स्टेशन १९१२ सालचे. तिथून पाथ रेल्वेच्या गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटर पंधरा मिनिटांच्या आसपास. मॅनहॅटनवाल्यांना आम्ही उपनगर वाटतो आणि एडिसनला बंगला घेतलेल्या आमच्याच भावंडांना आम्ही अजून ‘शहरात अडकलेले’ वाटतो. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या पिढीने इथे भाड्याने खोल्या घेतल्या, सत्तरच्या दशकात न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर किराणा आणि साड्यांची दुकाने आली, आणि हळूहळू मागच्या गल्ल्यांतली घरे विकत घेतली गेली. आज तिथे गुजराती, तेलुगू आणि मराठी घरांच्या शेजारी ईजिप्तहून आलेली कॉप्टिक कुटुंबे आहेत, फिलिपिनो आहेत, जुनी इटालियन आणि आयरिश म्हातारी माणसेही आहेत.

हे सगळे सुखासुखी झाले नाही. १९८७ च्या उन्हाळ्यात ‘जर्सी जर्नल’ या दैनिकात एक पत्र छापून आले. लिहिणारे स्वतःला डॉटबस्टर्स म्हणवत होते. भारतीयांना जर्सी सिटीतून घालवण्यासाठी कोणत्याही थराला जाऊ, आणि टेलिफोन डिरेक्टरीत पटेल हे आडनाव शोधून घर गाठू, अशी ती धमकी होती. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी यांना इतके मारले गेले की ते वाचले नाहीत. जर्सी सिटी हाइट्समध्ये एका भारतीय डॉक्टरांना बेदम मारहाण झाली. राज्यात द्वेषमूलक गुन्ह्यांसाठी कडक शिक्षेचा कायदा १९९० मध्ये झाला. हा इतिहास इथे आणला तो सहानुभूतीसाठी नव्हे. दारावर स्वतःचे आडनाव लावून राहणे ही या गल्ल्यांतल्या माणसांनी किंमत देऊन मिळवलेली गोष्ट आहे, आणि खालच्या मागण्या अशा लोकांच्या आहेत ज्यांना इथून जायचे नाही.

तक्रार नेमकी काय आहे

आमच्या पायऱ्यांवर उभे राहून समोर पाहा. पायरीपुढचा फूटपाथ सार्वजनिक. पण तो दुरुस्त करायचा आणि त्यावरचा बर्फ काढायचा तो घरमालकाने. फूटपाथवरचे झाड शहराचे. त्याच्या मुळांनी उचललेली फरशी मात्र आमची. जमिनीखालून येणारी पाण्याची नळी एका व्यवस्थेची, जाणारी सांडपाण्याची दुसरीची. बाजूच्या गल्लीचा रस्ता शहराचा, कोपऱ्यावरचे केनेडी बुलेव्हार्ड काउंटीचे, पलीकडचे रेल्वे स्टेशन पोर्ट अथॉरिटीचे. पायरीपासून रस्त्याच्या मध्यापर्यंत धरले तर वीस-बावीस फूट भरतील. तेवढ्यात इतके धनी.

कर मात्र एकाच बिलात येतो : फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. त्या बिलात शहर, शाळा, काउंटी असे सगळे गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात. तक्रार घेऊन गेलो की तेच सगळे वेगवेगळे होतात. कोणत्याही एका खात्याचा माणूस खोटे बोलत नाही. ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे प्रत्येकाचे उत्तर खरेच असते. म्हणून आमची पहिली मागणी पैशांची नाही.

मागणी १. प्रत्येक घराच्या पत्त्यावर शहराने एकच नोंद ठेवावी. पाण्याची नळी कशाची आहे, सांडपाण्याची जोडणी कधीची, फूटपाथ, झाड, शेजारी दिलेला बांधकाम परवाना, जुन्या तक्रारी, असे सर्व त्यात असावे. तक्रार आली की ती कोणाकडे जाते हे शोधण्याचे काम शहराच्या नेमलेल्या एका अधिकाऱ्याचे असावे, घरमालकाचे किंवा भाडेकरूचे नसावे. भाडेकरूला आपल्या पत्त्याची नोंद मालकाला न विचारता पाहता यावी. (ही शेवटची ओळ आमच्या काही घरमालक सदस्यांना आवडली नव्हती. बहुमताने ठेवली आहे.)

पाणी खालून येते

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री इडा वादळाचा उरलासुरला पाऊस इथे कोसळला. न्यूअर्क विमानतळावर त्या एका दिवसात ८.४१ इंच, म्हणजे सुमारे २१४ मिलिमीटर नोंद झाली. ज्यांनी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर पाहिले किंवा ऐकले त्यांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण पाऊस किती पडला यापेक्षा तो किती तासांत पडला आणि खालची नळी केवढी आहे, यावर घर बुडते. न्यूयॉर्क शहरात त्या रात्री तेरा माणसे गेली, त्यांतली अकरा बेसमेंटमधली होती. न्यू जर्सीत मृतांचा आकडा त्याहून बराच मोठा होता.

आमच्या भागाचे वैशिष्ट्य असे, की आम्ही नदीकाठी नाही. जर्नल स्क्वेअर पॅलिसेड्सच्या खडकाळ कण्यावर आहे, पश्चिमेकडे उतार हॅकेन्सॅक नदीकडे जातो. पुराच्या नकाशावर आमच्या कितीतरी गल्ल्या कोरड्या दिसतात. तरी पाणी येते, आणि ते दारातून येत नाही. बेसमेंटच्या मोरीतून येते. आधी मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. मग जाळीभोवती काळसर पाण्याचे वर्तुळ उमटते, आणि पाहता पाहता ते कपडे धुण्याच्या मशीनच्या पायांपर्यंत पसरते. वास पावसाचा नसतो. पाणी तापवायची टाकी, बॉयलर, तांदळाची पोती, भारतातून आणलेल्या आणि कधीच न उघडलेल्या ट्रंका सगळे तिथेच असते, आणि पुष्कळ घरांत विजेचा मुख्य बोर्डही.

कारण सरळ आहे. या शहरात जुन्या पद्धतीची एकत्रित गटारे आहेत : पावसाचे पाणी आणि घरातले सांडपाणी एकाच नळीतून जाते आणि न्यूअर्कच्या शुद्धीकरण केंद्राकडे पंपाने पाठवले जाते. जोराचा पाऊस झाला की नळी भरते. जादाचे पाणी ठरावीक तोंडांतून नदीत आणि खाडीत सोडले जाते. तेही पुरेना, की ते आल्या वाटेने मागे फिरते, आणि त्या वाटेवर सर्वांत खालचे उघडे तोंड आमच्या बेसमेंटचे. राज्याने २०१५ मध्ये अशा शहरांना नवे परवाने दिले आणि दीर्घकालीन आराखडे मागवले. ते २०२० मध्ये सादर झाले. त्या आराखड्यांत हिशेब मुख्यतः नदीत किती घाण गेली याचा आहे. तो हवाच. पण घरात किती आली याचाही हिशेब कोणीतरी ठेवला पाहिजे.

मागणी २. ज्या गल्ल्यांत सांडपाणी घरात उलटते त्यांची यादी शहराने तक्रारींच्या आधारे करून जाहीर करावी आणि गटारांच्या कामाचा क्रम त्या यादीवरून ठरवावा. पाणी उलटू न देणारी झडप, म्हणजे बॅकवॉटर व्हॉल्व्ह, बसवण्याच्या खर्चात दोन-तीन कुटुंबांच्या घरांना वाटा द्यावा. ही झडप घरमालकाची चैन नाही. नळी सार्वजनिक आहे आणि ती अपुरी पडते म्हणून झडप लागते.

याच मुद्द्यात आम्हाला एक अडचणीची गोष्ट बोलावी लागेल. आमच्या गल्ल्यांत काही बेसमेंटांमध्ये माणसे राहतात. नवीन आलेला भाचा, रात्रपाळी करणारा एकटा माणूस, भाडे न झेपणारे जोडपे. परवाना नसतो हे सर्वांना माहीत आहे. छापा घातला तर दंड मालकाला होतो आणि बिऱ्हाड रस्त्यावर येते, म्हणून दोघेही गप्प बसतात. ज्या खोलीत धोका सर्वांत जास्त, तिचीच तपासणी होत नाही. न्यूयॉर्कने डिसेंबर २०२४ मध्ये अशा काही खोल्या अटींसह अधिकृत करण्याची वाट खुली केली. पुराच्या धोक्यातल्या जागा त्यातून वगळल्या. आमचे म्हणणे त्याच दिशेचे आहे.

मागणी ३. बेसमेंटच्या सुरक्षेसाठी ठरावीक मुदतीत दंडमाफीसह तपासणी करावी. बाहेर पडायला दुसरी वाट, धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी यंत्रे, विजेच्या बोर्डाची उंची, मोरीवरची झडप, एवढे पाहावे. जिथे राहणे सुरक्षित करता येते तिथे अधिकृत करावे. जिथे येत नाही तिथल्या बिऱ्हाडाला दुसरी जागा मिळेपर्यंत शहराने मदत करावी. आणि आमच्याकडून : राज्याच्या २०२३ च्या कायद्याप्रमाणे घर विकताना किंवा भाड्याने देताना पुराची माहिती द्यावी लागते. ती आमचा प्रत्येक घरमालक सदस्य लेखी देईल. न देणाऱ्याला संघटनेत जागा नाही.

नळी आणि माती

जर्सी सिटीला पिण्याचे पाणी बूंटनच्या जलाशयातून येते. १९०८ मध्ये तिथे डॉ. जॉन लील यांनी क्लोरीन घालून पाणी निर्जंतुक करण्याची व्यवस्था सुरू केली. सार्वजनिक पाणीपुरवठ्यात क्लोरीन कायमस्वरूपी वापरणारे अमेरिकेतले हे पहिले ठिकाण. गंमत अशी, की हे शहराच्या इच्छेने झाले नाही. पाणी कंपनीविरुद्ध शहराचा दावा चालू होता आणि क्लोरीनला शहराच्या वकिलांनी कोर्टात विरोध केला होता. कोर्टाने लील यांचे म्हणणे मान्य केले आणि पुढे साऱ्या देशाने तेच केले.

ते स्वच्छ पाणी आमच्या काही घरांत शेवटचे काही फूट शिशाच्या नळीतून येते. बेसमेंटच्या पुढच्या भिंतीतून नळी जिथे आत शिरते तिथे नाण्याने हलकेच खरवडले, तर तांबे नारिंगी दिसते आणि शिसे चांदीसारखे चकाकते. शिशाला लोहचुंबक चिकटत नाही. हे आमच्या तरुण सदस्यांनी घरोघर जाऊन आजी-आजोबांना दाखवले आहे. राज्याच्या २०२१ च्या कायद्याने शिशाच्या सर्व नळ्या दहा वर्षांत बदलायच्या आहेत, म्हणजे मुदत २०३१ ला संपते. दहा वर्षे हा राज्याच्या दृष्टीने सोयीचा काळ असेल. आज जन्मलेले मूल तोवर शाळेत जायला लागलेले असेल आणि शिशाचा जो परिणाम मेंदूवर व्हायचा तो लहानपणीच होतो.

मागणी ४. कोणत्या घराची नळी कोणत्या वर्षी बदलणार याचे वेळापत्रक पत्त्यानुसार जाहीर करावे. सहा वर्षांखालची मुले आणि गरोदर स्त्रिया असलेली घरे, घरातील पाळणाघरे आधी घ्यावीत. सूचनापत्र वरच्या मजल्याच्या घंटेलाही मिळावे. शेजारी उभ्या राहणाऱ्या नव्या टॉवरच्या जोडणीसाठी रस्ता खणला जाईल तेव्हा त्याच खड्ड्यातून शेजारच्या घरांच्या नळ्या बदलाव्यात. एकच रस्ता तीनदा खणून तीनदा ठिगळ लावणे आम्ही पाहत आलो आहोत.

मागच्या अंगणाबद्दल थोडेच. उन्हाळ्यात तिथे मेथी, कोथिंबीर, मिरच्या आणि हौशी लोकांकडे अळू असते. हडसन काउंटीत विसाव्या शतकात क्रोमेटचे कारखाने होते आणि त्यांतला उरलेला गाळ भराव म्हणून ठिकठिकाणी टाकला गेला. त्यातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण होते. माहीत असलेल्या जागा साफ करण्याचे काम अनेक वर्षे चालले आहे. जुन्या रंगातले शिसे तर बहुतेक लाकडी घरांच्या भोवतालच्या मातीत असतेच, कारण घरगुती रंगात त्यावर बंदी आली ती १९७८ मध्ये.

मागणी ५. अंगणातल्या मातीची चाचणी मागेल त्याला मोफत मिळावी, आणि निकालाबरोबर काय लावावे, काय उंच वाफ्यातच लावावे हे सांगावे.

कर

हा भाग लांबणार आहे, कारण सभेत सर्वांत जास्त गैरसमज याच विषयात दिसले.

जर्सी सिटीत १९८८ नंतर घरांचे मूल्यांकन थेट २०१८ मध्ये झाले, तेही राज्याने २०१६ मध्ये आदेश दिल्यावर. मधल्या तीस वर्षांत नदीकाठची जुनी घरे सोन्याच्या भावाला गेली, पण कर १९८८ च्या किमतीवर भरत राहिली. ज्यांच्या भागात भाव तितके चढले नव्हते त्यांनी फरक भरून काढला. मूल्यांकन झाल्यावर काहींचा कर उतरला, काहींचा चढला, आणि ज्याचा चढला त्याला अन्याय वाटला. आमची भूमिका अशी, की अन्याय २०१८ चा नव्हता, आधीच्या तीस वर्षांचा होता. पुन्हा तेच होऊ देऊ नये.

२०१८ मध्येच राज्याने शाळांच्या अनुदानाचे सूत्र बदलले आणि जर्सी सिटीचे अनुदान वर्षागणिक कमी होत गेले. ती तूट स्थानिक करावर आली. २०२२ च्या बिलाने अनेक घरांत बसलेला धक्का तिथला. शाळांसाठी कर वाढवायला आमचा विरोध नाही, मुले आमचीच आहेत. प्रश्न एवढाच की त्या शाळांसाठी कोण भरतो आणि कोण भरत नाही.

दीर्घ मुदतीची करसवलत मिळालेला टॉवर नेहमीचा मालमत्ता कर भरत नाही, त्याऐवजी ठरावीक सेवाशुल्क भरतो. ही सवलत तीस वर्षांपर्यंत असू शकते. त्या शुल्कातले पंच्याण्णव टक्के शहर ठेवते, पाच टक्के काउंटीला जातात, शाळांना काही देण्याचे कायद्याचे बंधन नाही. शहराला हे सोयीचे आहे हे उघड आहे. नेहमीच्या करात शाळांचा आणि काउंटीचा वाटा वेगळा काढावा लागतो, इथे जवळजवळ सगळे स्वतःच्या तिजोरीत. १९८० च्या दशकात नदीकाठच्या ओसाड रेल्वे यार्डांवर न्यूपोर्ट उभे राहत होते तेव्हा अशी सवलत समजण्यासारखी होती. तिथे कोणी यायला तयार नव्हते. जर्नल स्क्वेअरची गोष्ट वेगळी आहे. २०१० मध्ये ‘जर्नल स्क्वेअर २०६०’ हा पुनर्विकास आराखडा मंजूर झाला, स्टेशनशेजारी साठाहून अधिक मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि अजून राहत आहेत. दाराशी पाथ असलेल्या जमिनीवर बांधायला बिल्डरला आमिष कशाला हवे?

मागणी ६. जर्नल स्क्वेअर परिसरात नवी दीर्घ मुदतीची सवलत देऊ नये. द्यायचीच तर शाळांचा वाटा करारात लिहून द्यावा. चालू असलेल्या प्रत्येक सवलतीचा वार्षिक हिशेब, म्हणजे नेहमीचा कर किती झाला असता, प्रत्यक्ष किती आला, कोणाकडे गेला, हा शहराने कराच्या बिलाबरोबर पाठवावा. विधिमंडळातील प्रतिनिधींनी सेवाशुल्कात शाळांचा वाटा बंधनकारक करणारी दुरुस्ती मांडावी. मूल्यांकन पुन्हा कधी तीस वर्षे लांबू नये यासाठी ठरावीक अंतराने ते करण्याचे बंधन शहराने स्वतःवर घालून घ्यावे.

पासष्टी ओलांडलेल्यांसाठी राज्याची ‘सीनियर फ्रीझ’ आणि इतर परतावा योजना आहेत. पात्र असूनही अर्ज न करणारी घरे आमच्याकडे पुष्कळ, कारण अर्जाला भीती वाटेल इतकी पाने आहेत आणि ‘सरकारकडे मागायला जायचे’ हे आमच्या बुजुर्गांना रुचत नाही. त्यांना आमचे सांगणे : हे मागणे नाही, भरलेल्यातलेच परत घेणे आहे. शहराने मंदिरे, चर्च आणि वाचनालयांत अर्ज भरून देणारी शिबिरे भरवावीत.

टॉवरच्या सावलीतले घर

संघटनेत एक गट आहे ज्याला आता एकही टॉवर नको. त्यांचा राग आम्हाला कळतो. दुपारी तीन वाजता अंगणातले ऊन गेले की कळतो. पण ठराव तसा झाला नाही. या गल्ल्यांत आम्ही बहुतेक जण आलो ते भाडेकरू म्हणून, आणि तेव्हा कोणी दार लावून घेतले असते तर आज हे पत्र लिहायला आम्ही नसतो. घरे बांधावीत. शेजारच्याचे पाडू नये एवढेच.

आमच्या जुन्या घरांचे पाये अनेक ठिकाणी दगडांचे आहेत, चुन्यात बसवलेले. शेजारी खडक फोडायला लागले की स्वयंपाकघरातली भांडी वाजतात आणि गिलाव्याला भेगा पडतात. भेगेच्या टोकाशी पेन्सिलने रेघ आणि तारीख लिहून ठेवायची, आठवड्याने पुन्हा पाहायचे, असे कितीतरी घरांच्या जिन्यात दिसेल. नुकसानभरपाई मागायला गेले की ‘ही भेग आधीचीच होती’ असे उत्तर मिळते, आणि ती आधीची नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आमच्यावर. राज्याची संहिता ज्या आंतरराष्ट्रीय नमुना संहितेवर बेतलेली आहे, तिच्यात खोदकामाआधी किमान दहा दिवस शेजाऱ्यांना लेखी सूचना द्यावी असे आहे. दहा दिवसांत म्हाताऱ्या घरमालकाने इंजिनिअर शोधायचा, त्याचे पैसे द्यायचे आणि अहवाल घ्यायचा हे होत नाही.

मागणी ७. चार मजल्यांवरच्या कोणत्याही बांधकामाच्या परवान्याआधी शेजारच्या घरांची आतून-बाहेरून छायाचित्रांसह पाहणी बिल्डरच्या खर्चाने, पण शहराने नेमलेल्या स्वतंत्र इंजिनिअरकडून व्हावी आणि तिची प्रत घरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मिळावी. काम चालू असताना हादरे मोजणारी यंत्रे बसवावीत. खोदकाम सुरू झाले की उंदीर आमच्याकडे स्थलांतर करतात, म्हणून उंदरांचा बंदोबस्त काम सुरू होण्याआधी व्हावा.

रस्ता

२०२२ मध्ये शहराच्या ताब्यातल्या रस्त्यांवर एकही अपघाती मृत्यू झाला नाही, असे शहराने जाहीर केले. ही चांगलीच गोष्ट आहे आणि त्यासाठी कोपरे मोकळे करणे, वेग कमी करणे ही कामे ज्यांनी केली त्यांचे आम्ही आभारी आहोत. पण काउंटीचे आणि राज्याचे रस्ते त्या हिशेबात नव्हते. केनेडी बुलेव्हार्ड काउंटीचे आहे आणि आमची मुले शाळेत, आमचे आजोबा किराण्याला आणि आम्ही स्टेशनवर जाताना तेच ओलांडतो. गाडी अंगावर आली तर रस्ता कोणाच्या वहीत आहे याने फरक पडत नाही.

मागणी ८. केनेडी बुलेव्हार्डवर शहराने स्वतःच्या रस्त्यांवर केले तेच काउंटीने करावे, आणि पादचाऱ्यांना सिग्नल ओलांडायला मिळणारा वेळ काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या गतीने ठरवावा.

पार्किंगबद्दल या पत्रात मागणी नाही. त्यावर दोन सभा झाल्या, आवाज चढले आणि एकमत झाले नाही.

‘तुमचे घर विकत घेऊ’

दर आठवड्याला पत्रपेटीत पोस्टकार्डे येतात, हाताने लिहिल्यासारख्या अक्षरांत : रोख पैसे, दुरुस्तीची गरज नाही, लगेच व्यवहार. मग फोन. मग दारावर माणूस. घरातला कर्ता माणूस गेल्याची बातमी आली की महिन्याभरात ही पत्रे दुप्पट होतात. १९८७ च्या धमकीशी याची बरोबरी आम्ही करत नाही, तसे करणे जखमी झालेल्यांचा अपमान ठरेल. पण एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईला रोज कोणीतरी ‘केव्हा जाता?’ असे विचारावे हेही सहन करण्यासारखे नाही. न्यूयॉर्क राज्यात क्वीन्स आणि ब्रुकलिनच्या काही भागांत अशी सोय आहे, की घरमालकाने नाव नोंदवले तर दलालांना त्याच्याशी संपर्क साधायला मनाई होते.

मागणी ९. तशी नोंदवही आमच्या भागासाठी सुरू करावी. राज्याचा कायदा आड येत असेल तर विधिमंडळातील प्रतिनिधींनी तो बदलण्याचे विधेयक मांडावे.

हे सगळे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांसाठी याच शहरातली दोन उदाहरणे. १९२९ चे लोज जर्सी थिएटर १९८६ मध्ये बंद पडले आणि पाडले जाणार होते. नागरिकांनी सह्या गोळा केल्या, शहराने ते १९९३ मध्ये विकत घेतले आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे हाताने ते सावरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये अल्प मुदतीच्या पर्यटक-भाड्यावर बंधने घालणाऱ्या नियमावर मतदान झाले, समोर एक बलाढ्य कंपनी मोठा खर्च करत होती, आणि सुमारे ७० टक्के मते बंधनांच्या बाजूने पडली.

मागणी १०. हे सगळे सर्वांना समजावे म्हणून शहर परिषदेच्या सभांत स्पॅनिश, अरबी, टागालोग, हिंदी आणि गुजराती दुभाषी मिळावेत आणि वरील सर्व सूचनापत्रे त्याच भाषांतही यावीत. मराठीचा आग्रह आम्ही धरत नाही, आमच्या लोकांचे हिंदीवर भागते.

प्रत्येक मागणीपुढे ती कोणत्या खात्याची, पैसे कुठून येणार आणि काम कधी सुरू होणार असे तीन रकाने भरून साठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ‘आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर असेल तर कोणाकडे येते तेही लिहावे.

त्याआधी एक विनंती. शहर, पाणीपुरवठा, सांडपाणी आणि काउंटी, चौघांचे प्रतिनिधी एकाच सकाळी आमच्या एका घरी यावेत. बेसमेंटची मोरी, भिंतीतली नळी, जिन्यातली भेग आणि कोपऱ्यावरचा सिग्नल एवढेच दाखवायचे आहे, तासाभराचे काम. तारीख आपण ठरवावी. फक्त नऊच्या आधी नको, त्या वेळी घरोघरी मुलांना शाळेत सोडायची घाई असते.

आपले,
जर्नल स्क्वेअर परिसरातील घरमालक आणि भाडेकरू
(सह्या सोबतच्या पानांवर, मजल्यानुसार)